दुखायचं थांबलं त्या सकाळी

त्या दुष्काळात सहकारी कारखान्यानं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती. सासू, धाकटी जाऊ आणि मी, आम्ही तिघी दोन म्हशी घेऊन तिथंच पालात राहायचो. सर्दीनं जावेचा डावा कान लई ठणकत होता.

एका सकाळी ती हसतच उठली. "बाई, थांबलं बगा! एकदम हलकं वाटतंय."

सासूनं हात जोडले आणि लगेच लसणाचं तेल चुलीवर ठेवलं. कान दुखला की तेल, आणि दुखायचा राहिला की उलटू नये म्हणून परत तेल, अशी आमच्याकडची रीत.

मी जावेचं अंथरूण गोळा करत होते. उशाला पिवळट डाग, त्यात रक्ताची रेघ. माझ्या वडिलांच्या डाव्या कानाचा ठणकाही त्यांच्या लहानपणी असाच अचानक थांबला होता, कान वाहिला होता, आणि घरच्यांनी आनंदानं तेल ओतलं होतं. पुढं आयुष्यभर आम्ही त्यांच्या उजव्या बाजूनंच बोललो.

मी जावेच्या डावीकडून हळूच म्हटलं, "चहा घेतीस का?" ती वेणी घालत राहिली. मग तिनं नाक शिंकरलं आणि दचकून कान धरला.

"अगं बाई, कानातून वारा निघतोय!"

तोवर सासू वाटी घेऊन आली. मी तिचा हात धरला.

"तेल न्हाई घालायचं, आत्याबाई. पडदा फाटलाय."

"तू कवा डॉक्टरीण झालीस गं? सगळी लेकरं तेलावरच वाढवली मी!"

"तो कान हाय, भज्याची कढई न्हाई!"

जाऊ बिचारी मान कलती करून बसली. "घालू द्या की बाई, कावून भांडता?" वाटी कानाशी पोचली. मी ती हिसकून मातीत ओतली. सासूचा चेहरा बघवेना.

दूध सोसायटीच्या टेम्पोतून आम्ही गेवराईला गेलो. डॉक्टरांनी कानात बघितलं. "पडद्याला भोक पडलंय. बहुतेक भरून येईल. पण तेल नको, पाण्याचा थेंबही नको."

बहुतेक! त्या एका शब्दानं माझी झोप उडवली. रोज मी तिच्या डावीकडून पुटपुटायची आणि रोज ती आपल्याच नादात. सासू माझ्याशी बोलत नव्हती, पण जावेच्या न्हाणीपाशी स्वतः उभी राहून तिचा कान कोरडा राखायची.

मग एकदा शेण भरताना मी तिच्या डावीकडून तसंच पुटपुटले, "म्हशीपेक्षा जास्त खातीस बग."

शेणाचा गोळा थेट माझ्या पाठीत बसला. "आन तुमी काय उपाशी ऱ्हाता व्हय?"

पलीकडं सासू मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.