बोर्डाच्या माणसाची कॉफी

बुकित पंजांग भागात गोल फिरणाऱ्या एलआरटी या छोट्या लोकल गाडीत एक चिनी आजी रोज भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. शहराबाहेरच्या गावांचा कारभार पाहणाऱ्या जुन्या रूरल बोर्डावर मला उद्या निबंध द्यायचा होता आणि ते दिवस आठवणारं कुणी मिळत नव्हतं. शेवटी घाबरतच मी त्यांना विचारलं.

“बोर्डाचा माणूस?” त्या हसल्या. “रस्ता बघायला यायचा. आई आधी त्याला झापायची, मग कॉफी द्यायची. रस्ता तसाच, लाह.” वाक्याच्या शेवटी ‘लाह’ जोडायची इथल्यांची लकब त्यांनाही होती.

“भारतात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचे लोकही चहा पिऊनच जातात,” मी म्हणालो.

त्या खुदकन हसल्या. इतक्यात त्यांचं स्टेशन आलं आणि माझा चेहरा पडला. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं, पण उठल्या नाहीत.

“गाडी गोल फिरून परत इथेच येते. लिही, बॉय.”