फळ्यावर चढलेली बकरी

पारशिवनी तालुक्यातल्या त्या गावात माझी बदली झाली तेव्हा शाळेत दोनच शिक्षक होते, मुख्याध्यापक सर आणि मी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी नागपुरातल्या जरीपटक्याहून सकाळच्या बसने यायचे, फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत जायचे.

माझी तिसरीची मुलं वाचत नव्हती, अक्षरं मोठ्याने म्हणत होती. हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. काना, मात्रा, वेलांटी सगळं यायचं. धडा संपल्यावर मात्र मी विचारायचे, "काय झालं गोष्टीत?" आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत राहायचा. एका गोष्टीत लिफ्टमध्ये अडकलेलं मांजर होतं. गोष्ट छान होती, मला आवडायची. पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने लिफ्ट पाहिली नव्हती, आणि त्या गोष्टीतलं मांजर, त्याची मालकीण, शेजारचे काका, सगळेच अशा भाषेत बोलायचे जी या मुलांच्या घरात कोणीच बोलत नव्हतं.

त्यात एक मुलगी तर तोंडच उघडायची नाही. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. खेळताना मैदानावर तिचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. वर्गाचा उंबरा ओलांडला की गप्प. मी तिच्या शेजारणीला विचारलं, "ही वर्गात का बोलत नाही?"

"तिचं चुकते न मॅडम," शेजारीण म्हणाली. "ते 'मले' म्हणते."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. आमचं घर विणकरांचं, नागपुरातलं. मागावर बसलेल्या बाबांशी आम्ही 'मले', 'तुले' असंच बोलायचो. शाळेत पहिल्या दिवशी मी उभी राहून "मले पानी पाहिजे" म्हटलं आणि वर्ग हसला. पुढे कित्येक दिवस मी तहानलेलीच घरी यायचे.

एका सोमवारी मी वर्गात शिरले तर मुलं त्या मुलीभोवती गोळा झाली होती आणि हसून हसून वाकली होती. मला पाहून सगळी जागेवर गेली. मी म्हटलं, "मलाही सांगा की." कोणी सांगेना. मग मी खाली सतरंजीवर तिच्याजवळच जाऊन बसले आणि मुद्दाम तिच्याच बोलीत विचारलं, "काय झालं वं? मले नाही सांगत काहून?"

ती चमकली. मॅडम असं बोलतात हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग जी सुरू झाली ती थांबलीच नाही.

"आमची बकरी बसमंदी चढली न मॅडम. माय बाजारात जाऊन राहिली होती, तं ते मायच्या मागं मागं चढली. मायले काही माहीतच नाही. कंडक्टर म्हणे, बाई, हिचं तिकीट कोन काढते? माय म्हणे, कोनाचं? मागं पाहते तं बकरी सीटवर बसून राहिली."

मी उठले, खडू घेतला आणि तिने सांगितलं तसंच्या तसं फळ्यावर लिहायला लागले. एकही शब्द बदलला नाही. मुलं मागून सांगत होती, "मॅडम, ड्रायव्हर हसला ते राहिलं." तेही लिहिलं. फळा भरला. मग मी म्हटलं, "आता कोण वाचतं?"

तीच उठली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरळ वाचत गेली. अक्षर अक्षर नाही, वाक्यच्या वाक्य. कंडक्टरच्या जागी कंडक्टरचा आवाज काढला, मायच्या जागी मायचा. शेवटची ओळ संपली तशी ती फळ्याकडे बघतच राहिली, जणू तिथे ती स्वतःच लिहिलेली होती. त्या दिवशी प्रत्येक मुलाने ती गोष्ट वाचली. ज्यांना जोडाक्षर यायचं नाही त्यांनाही 'कंडक्टर' आला.

मधल्या सुट्टीत सर वर्गात डोकावले.

"मॅडम, हे काय लिहून राहिल्या तुम्ही फळ्यावर? उद्या साहेब तपासणीला आले अन् त्यांनी असं अशुद्ध पाहिलं तर काय सांगायचं?"

"सर," मी म्हटलं, "आत्ता तुम्हीसुद्धा 'लिहून राहिल्या' म्हणालात."

सरांनी चष्मा पुसला, फळा पुन्हा वाचला आणि बकरी सीटवर बसते तिथे त्यांना हसू आवरलं नाही. जाताना म्हणाले, "पुस्तकातली भाषाही आली पाहिजे पण. नाही तर पुढं पोरांचंच नुकसान होईल."

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मुलांची गोष्ट, उजवीकडे तीच पुस्तकाच्या मराठीत. मुलांनी दोन्ही वाचल्या आणि दोन्हींत काय वेगळं ते शोधलं. चौथीची मुलंही सरकून पुढे आली. शेवटी त्या मुलीनेच निकाल दिला, "आपण 'मले' म्हणतो, पुस्तकातले लोकं 'मला' म्हणतात. बाकी तं तेच आहे."

त्यानंतर आमच्याकडे गोष्टींचा पाऊसच पडला. विहिरीत पडलेल्या मोबाइलची, हरभऱ्यात शिरलेल्या रानडुकरांची, कोराडीच्या वीज केंद्रातून आलेल्या मामाच्या कोळशाने काळ्या झालेल्या सदऱ्याची. मुलं सांगायची, मी लिहायचे, खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्याची मोठी पुस्तकं व्हायची, चित्रं मुलं काढायची. आणि मग एक दिवस मी तीच लिफ्टमधल्या मांजराची गोष्ट पुन्हा काढली. मुलांनी ती वाचली, मुलं हसली आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, मांजराले बाहेर काढाले एवढा उशीर काहून लावला त्याईनं?" त्या प्रश्नासाठी मी कितीतरी महिने थांबले होते.

हिवाळ्यात पारशिवनीला आसपासच्या शाळांचा वाचन मेळावा होता. प्रत्येक शाळेतून एक मूल, आधी आवडीची गोष्ट, मग समोर ठेवलेलं न पाहिलेलं पान. आमच्याकडून तीच बकरीवाली मुलगी गेली. बकरीची गोष्ट तिने घरच्या बोलीत वाचली. सुरुवातीला पुढच्या रांगेतले काही शिक्षक एकमेकांकडे बघत होते. बकरी सीटवर बसली तेव्हा सगळं सभागृह हसलं, ते शिक्षकही. भिंतीला टेकून उभी असलेली तिची आई पदरात तोंड लपवून हसत होती.

मग मेळावा घेणाऱ्या केंद्रप्रमुख मॅडमनी नवीन पान दिलं. समुद्रावरचा उतारा होता. ती नीट वाचत गेली आणि 'दीपस्तंभ' शब्दाशी थांबली. माझ्या शेजारी सर खुर्चीत पुढे सरकले. तिने शब्द मनातल्या मनात तोडला, जोडला, आणि बरोबर म्हणून पुढे गेली.

"दीपस्तंभ म्हणजे काय गं?" केंद्रप्रमुख मॅडमनी विचारलं.

"दिव्याचा उंच खांब. अंधारात जहाजाला किनारा दिसावा म्हणून."

"तू पाहिलास कधी?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "आत्ताच वाचला."

पहिला क्रमांक तिचाच आला. पण मला त्याहून मोठं वाटलं ते सरांचं वागणं. कार्यक्रम संपल्यावर तीन-चार शाळांच्या शिक्षकांनी त्यांना घेरलं, आमची पुठ्ठ्याची पुस्तकं मागायला, आणि सर त्यांना सांगत होते, "पुस्तकं देतो, पण पहिले तुमच्या पोरांच्या गोष्टी लिहून पाहा. आम्ही तसंच करून राहिलो." त्या शाळांतूनही पुढे गोष्टी यायला लागल्या, आणि आमची मुलं त्या हक्काने वाचायला लागली.

परतताना आम्ही सगळे एका काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. तिच्या सोबतीला वर्गातली बरीच मुलं आली होती. गाडी पारशिवनीच्या बाजारातून निघाली आणि कोणीतरी पहिली पाटी वाचली, "कृषी सेवा केंद्र." लगेच दुसऱ्याने, "पंक्चर काढून मिळेल." मग सगळेच खिडक्यांना लागले. दवाखाना, सलून, ट्रकच्या मागचा मजकूर, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात, काही सुटलं नाही. ड्रायव्हर मागे वळून मला म्हणाला, "मॅडम, हे पोट्टे काहून एवढे ओरडून राहिले?"

"वाचून राहिले," मी म्हटलं.

त्याने गाडी हळू केली, म्हणजे त्यांना पुढची पाटी पूर्ण वाचता यावी.