पातेल्यात उरलेल्या फोडी

मटण शिजलं की फोडी पुरुषांच्या ताटात आणि बाईच्या वाटीत रस्सा, ही रीत मला कोणी शिकवली नाही. सासूचं बघितलं, तसंच केलं. त्यात आमचे हे तालमीतले. बैठका मारून आले की तांब्याभर दूध उभ्यानंच रिचवायचे. मी म्हणायची, "म्हसच बांधून घ्या की गळ्यात!" ते मांडी थोपटून हसायचे.

तीच मांडी म्हातारपणी सुकली. माझ्याही दंडात जीव राहिला नाही. खाली जेवायला बसलो की उठायची पंचाईत. मग त्यांच्या खांद्यावर भार टाकून आधी मी उठायची, आणि वळून हात देऊन त्यांना उठवायची. दोघांत मिळून एक धड माणूस, असं ते म्हणायचे.

ते गेले, खांदाही गेला. मध्ये एकदा जेवून उठताच येईना. हाका मारून शेजारणीला बोलावलं. तिनं पुण्याला मुलाला कळवलं. तो म्हणाला, "आता घर बंद कर. दिवाळीला न्यायलाच येतो." या घराबाहेर मला करमत नाही, हे त्याला कोण सांगणार?

दवाखान्यात दाखवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "वयानं स्नायू पुरुषाचेही झिजतात, बाईचेही. पाळी गेल्यावर बाईला जास्तच जपावं लागतं. खाल्लेलं पहिल्यासारखं अंगी लागत नाही. व्यायाम करा. मटण खाता?"

"खाते की."

"फोडी?"

मी पदर सारखा केला.

रविवारी पाव किलो मटण आणलं. जेवून भिंत धरत कशीबशी उठले, हात धुतला आणि पातेल्यात पाहिलं. फोडी सगळ्या तशाच. रस्सा तेवढा मी वाढून घेतला होता. कुणासाठी ठेवल्या गं बाई? घरात दुसरं कोण आहे? फार रडले. मग चुलीपुढंच बसून एकेक फोड चावून खाल्ली. दातही कुरकुरले.

तेव्हापासून खुर्चीवर उठबस करते. घरात आता मीच पैलवान.

काल जेवण झालं. भिंतीला हात न लावता, कण्हत का होईना, उठले. मुलाला फोन करून सांगणार होते, नेऊ नकोस म्हणून. पण त्याआधी सवयीनं मागं वळले आणि त्यांना उठवायला हात पुढं केला.