जनरलीणबाईंचा सोफा

सेवानिवृत्त मेजर जनरल एग्बर्ट फोन राडेकोव. उंची मध्यम, मिशा नियमानुसार, धर्म प्रोटेस्टंट, राजनिष्ठा निर्विवाद, सेवा निष्कलंक. रणांगणावर अपराजित.

गोर्लित्सच्या माजी अधिकारी मंडळात हे वर्णन चौकटीत लावलेलं आहे. साहेबांच्या पत्नी ओटिलियेबाई त्याखालून जाताना वर बघत नाहीत. ही कारकीर्द त्यांनीच मुरवलेली, बरणीत काय आहे ते त्यांना ठाऊक.

साहेबांना युद्धकलेतलं एकच कसब साधलं होतं, ते म्हणजे हरणं. दर शरदात सैन्याच्या लुटुपुटीच्या लढाया व्हायच्या. समोरचा सेनापती आपल्याहून वरचा असला की साहेब त्याच्याकडून हरायचे, आणि तेही इतकं देखणं, की जिंकणाऱ्याला स्वतःच्याच बुद्धीचं कौतुक वाटावं. या बळावर ते कर्नल झाले, ब्रिगेडही हाती आली. राहिलं होतं फक्त जनरलपद. बाईंचा जीव त्यातच अडकला होता. अधिकाऱ्यांच्या बायकांच्या कॉफीच्या बैठकीत सोफा जनरलीणबाईंचा, कर्नलीणबाईंना खुर्ची. तो सोफा बाई वर्षानुवर्षं समोरून पाहत आल्या होत्या.

त्या सप्टेंबरात समोर राजपुत्र होते. बाईंनी पेटी भरता भरता बजावलं, "अहो, जेवणाच्या आत हरून मोकळे व्हा."

"मला नको शिकवूस. आजवर कधी जिंकलोय का मी?"

हे बाईंना पटलं.

सकाळी दाट धुकं पडलं. साहेबांनी वेळेआधीच माघारीचा हुकूम सोडला. नकाशा उलटा होता की साहेब, यावर पुढे मतभेद झाले. ब्रिगेड इमानेइतबारे पळत सुटली आणि धुकं विरलं तेव्हा राजपुत्रांच्या न्याहारीच्या टेबलाला वेढा घालून उभी होती. राजपुत्रांच्या काट्याला हॅमचा तुकडा तसाच. लढाईचा निकाल देणारा पंच नेमका प्रामाणिक निघाला. त्याने राजपुत्रांना कैदी ठरवलं.

घरी येऊन साहेबांनी फुशारकीने सांगितलं, की राजपुत्रांनी आपल्याला तडफदार म्हटलं.

"हसले का?" बाईंनी विचारलं.

"अगदी मनापासून."

"मग संपलं. रागावलेला राजपुत्र विसरतो, हसलेला नाही," म्हणून बाई सामानाच्या पेट्या काढायला उठल्या.

नाताळच्या आत निळं पाकीट आलं. प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती, आणि जाता जाता मेजर जनरल हा नुसता नावाचा हुद्दा. ज्या दिवशी सैन्याला साहेब नकोसे झाले, त्याच दिवशी ते जनरल झाले.

बिऱ्हाड गोर्लित्सला हललं. असे निवृत्त झालेले सगळे तिथेच जातात. पहिल्याच कॉफीला बाई ताठ मानेने सोफ्याकडे निघाल्या. यजमानीणबाईंनी केकची बशी पुढे करत गोड आवाजात विचारलं, "ओटिलियेबाई, साहेब जनरल नोकरीत असताना झाले, की निघताना?"

बाई खुर्चीवर बसल्या.

साहेबांनी मात्र मंडळासाठी आपलं वर्णन स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्यातलं 'रणांगणावर अपराजित' खोटं नाही. साहेबांच्या नोकरीत खरी युद्धं दोनच झाली, आणि ती दोन्ही चालू असताना साहेबांची नेमणूक रणांगणापासून दूर स्टेटिनला, घोड्यांच्या गवताच्या कोठारावर होती.