आमच्या घरचा कॅनडातला आमदार

माझा धाकटा भाऊ कॅनडात प्रांताच्या विधानसभेवर निवडून आला, त्या दिवसापासून पुण्यात आई त्याला आमदार म्हणू लागली. त्याने तिला परोपरीने सांगून पाहिलं, की अगं, मी माझी गाडी स्वतः चालवतो, दारातला बर्फ स्वतः उपसतो, मागेपुढे एक शिपाईसुद्धा नसतो. आईच्या मते तो त्याचा विनय होता. खरं सांगायचं तर माझ्याही मते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही सिंगापूरला, टॅम्पिनीस भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा बोटीवर इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात मी आणि आमची दहा वर्षांची मुलगी. पुण्याहून परत जाताना भाऊ दोन दिवस आमच्याकडे उतरणार होता. ‘कुणाला बोलावू नकोस, तुझ्याशी बोलायचंय,’ असं त्याने ईमेलमध्ये लिहिलं होतं. त्यातला पहिला अर्धा भाग मी वाचलाच नाही असं ठरवलं. कधी नव्हे ते मिरवायला काहीतरी मिळालं होतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चौदा माणसं जमली. मी वडे तळत होते. निम्मे लोक हातात फाइल घेऊन आले होते. जुरोंग ईस्टच्या एका अकाउंटंटने कॅनडाच्या पीआरचे, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचे, सगळे कागद प्लास्टिकच्या कप्प्यांत लावून आणले होते.

“साहेब, तुम्ही फक्त एक शब्द टाका.”

“अहो, ते माझ्या हातात नसतं. मी माझ्या मतदारसंघातले रस्ते आणि दवाखाने बघतो.”

“मोठी माणसं असंच म्हणतात,” असं म्हणून त्यांनी फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती खरोखर पहिल्या पानापासून वाचली. मला इतका अभिमान वाटला, की मी लगेच फोन करून रविवारी सकाळी आणखी दोन कुटुंबांना बोलावलं.

तेवढ्यात माझ्या मुलीने मराठीत शाळेतलं सिंगापुरी इंग्रजी मिसळत त्याला विचारलं, “मामा, आई म्हणते तू इलेक्शनला उभा राहतोस. बट इन कॅनडा दे से रन, व्हॉट. सो यू स्टँड ऑर यू रन?”

“पळतोच गं,” तो म्हणाला. “म्हणून तर दमलोय.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

रविवार तसाच चहापोह्यांत गेला. दुपारी त्याला सोडायला निघाले. चांगी विमानतळ आमच्या घरापासून टॅक्सीने जेमतेम पंधरा मिनिटं. दोन दिवसांत आम्हा दोघांना मिळालेला वेळ तेवढाच.

टॅक्सीत बसल्याबसल्या त्याने सांगायला सुरुवात केली. निवडणूक पुन्हा जवळ आली होती. या वेळी उभा राहिलास तर मी मुलाला घेऊन माहेरी जाईन, असं त्याची बायको म्हणाली होती. भांडून नव्हे, शांतपणे, जेवणाची ताटं उचलता उचलता. पूर्वी जिथे शिकवायचा ते कॉलेज त्याला परत घ्यायला तयार होतं. मुलाला आता बाप फक्त पत्रकावरच्या फोटोत दिसत होता.

“ताई, काय करू?”

आणि मी म्हणाले, “अरे, पण आईला काय सांगायचं?”

मग त्याने मान हलवली आणि आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा विषय काढला.

तो उभा राहिला आणि निवडूनही आला. पुण्यात आईने पेढे वाटले, टॅम्पिनीसला मी. त्याच महिन्यात त्याची बायको मुलाला घेऊन गेली.

पुढे कितीतरी दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी धीर करून मी फोनवर विचारलं, “माझ्यामुळे झालं का रे हे?”

“नाही गं ताई,” तो समजूत काढल्यासारखा म्हणाला. “तू तेच म्हणणार हे मला माहीत होतं. म्हणून तर तुझ्याकडे आलो होतो.”