मुहूर्त हवा, नको, काढीव

लग्न होऊन मी जालन्याला आले तेव्हा सासऱ्यांचं मंगल कार्यालय सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना घरात सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणू लागले. गावातल्या बहुतेक घरांतलं एखादं तरी लग्न आमच्याकडे लागलेलं. त्यामुळे दादांबरोबर भाजी आणायला जायचं म्हणजे दुकानादुकानासमोर थांबून कोणाची पोरगी सासरी कशी आहे, कोणाला नातू झाला, हे सगळं ऐकून घ्यायचं. भाजी राहायची.

तारखा दादांच्या डोक्यात असत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते गोल करायचे, पण कुठला गोल कोणासाठी हे फक्त त्यांनाच ठाऊक. एका उन्हाळ्यात त्यांनी एका पाव्हण्यांना तारीख दिली, आणि तीच तारीख माझ्या नवऱ्यानं त्याच्या एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीच्या सहकाऱ्याला देऊन टाकली. दोन्ही लग्नं अखेर एकाच दिवशी लावावी लागली, एक सकाळी, एक संध्याकाळी. सकाळची पंगत उठली नव्हती तोवर संध्याकाळचा बँड फाटकाशी वाजायला लागला. भट्टीवरून दोन आचाऱ्यांची जुंपली. संध्याकाळचे वऱ्हाडी सकाळची जिलेबी खाऊन बसले आणि आपल्या यजमानांची तारीफ करू लागले.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे आले.

"सूनबाई, तू पोरांना कॉम्प्युटर शिकवती ना? मंग हे बी घाल त्याच्यात."

मी तेव्हा गावातल्याच एका संस्थेत शिकवत होते. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती, घरी ब्रॉडबँड आलं होतं आणि वीज असेल तेव्हा चालतही होतं. इंटरनेटवर मला एक साधन सापडलं होतं. त्यात प्रोग्रॅम लिहावा लागत नसे. रकाने, याद्या, बटणं असं सगळं बाजूला मांडलेलं असायचं. हवं ते ओढून पानावर ठेवायचं. मग 'नियम' नावाच्या भागात जाऊन सांगायचं की असं असेल तर तसं कर. तयार झालेलं पान कुणालाही इंटरनेटवर उघडून तारीख घेता येई. मला वाटलं, एका रविवारी होऊन जाईल. पण दादा शेजारी खुर्ची ओढून बसणार आहेत हे मी धरलं नव्हतं.

पहिला वाद रंगावरून झाला. तारीख आधीच दिलेली असेल तर लाल अक्षरात सूचना यावी, असं मी ठरवलं होतं.

"लाल काऊन?" दादा म्हणाले.

"दादा, सगळीकडे नकार लालच असतो."

"कुंकू लाल, शालू लाल, अक्षता लाल. लग्नाच्या घरात नकार लाल कसा राहील?"

"मग काळा करू?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप निळा केला.

दुसरा वाद मजकुरावरून. त्या साधनाचा स्वतःचा ठरलेला इंग्रजी शब्द होता, त्याचं मी मराठी केलं होतं, 'अवैध तारीख'. दादांना तो वाचून ठसकाच लागला. "पाव्हण्याला अवैध म्हणायचं? लिही, मी सांगून राह्यलो ते." मग त्यांनी सांगितलेलं मी टाइप केलं: 'माफ करा, हा दिवस दुसऱ्या पाव्हण्यांना दिला आहे. कृपया दुसरा दिवस पाहावा. जालन्यात असाल तर चहाला यावे.' चहाचं वाक्य काढावं म्हणून मी बरंच समजावलं. ते निघालं नाही, आणि पुढे दोन माणसं खरोखरच चहाला आली.

नियम मात्र दादा भराभरा सांगत गेले. एका दिवशी एकच लग्न. मुलीकडच्यांना खालच्या खोल्या, म्हाताऱ्या माणसांना जिना नको म्हणून. आणि मुहूर्त नसेल त्या दिवशी बुकिंग बंद. आमच्या नेहमीच्या गुरुजींकडून त्यांनी मोसमातल्या विवाहमुहूर्तांचे दिवस आणले होते.

"बाकीचे दिवस बंद कर. मुहूर्त न्हाई तर लग्न कसं लागंल?"

मी बंद केले. मुहूर्त नसलेले दिवस पानावर करडे दिसू लागले. कुणी त्यावर क्लिक केलंच तर निळ्या अक्षरांत 'या दिवशी मुहूर्त नाही' असं यायचं. आम्ही दोघंही आपल्या कामावर खूश होतो. मी दाबून पाहायचे, ते वाचून पाहायचे. पुण्यात नोकरीला असलेल्या हसनाबादच्या एका मुलानं बहिणीसाठी पहिलं बुकिंग केलं, तेव्हा दादांनी सासूबाईंना शिरा करायला लावला.

मग एक दिवस सर आले. सर म्हणजे आमच्या मागच्याच गल्लीतले निवृत्त शिक्षक, दादांबरोबर रोज सकाळी फिरायला जाणारे. दारातूनच त्यांचा हसरा आवाज आला.

"दादा, आमच्या धाकटीच्या लग्नाला तुमच्या कॉम्प्युटरनं हरकत घेतली बरं का."

त्यांचा मुलगा औरंगाबादला होता. त्यानं तिथून एक रविवार निवडला, तर आमचं पान म्हणालं, या दिवशी मुहूर्त नाही. सरांचं घर बौद्ध. त्यांच्याकडे लग्न बुद्धवंदनेनं लागतं, पंचांग कुणी उघडत नाही. त्यांच्या थोरल्या दोन्ही मुलांची लग्नं आमच्याच कार्यालयात रविवारी लागलेली, आणि दोन्ही वेळा दादा पहिल्या पंगतीला जेवलेले.

सर खुर्चीत टेकले. "आमच्या वडिलांनी छप्पन साली मुहूर्त सोडला. तुमचं यंत्र काल आलं, अन् तो परत घरी आणून सोडला."

दादांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, हे काय करून ठेवलंस?"

"दादा, तुम्हीच सांगितलंत, बाकीचे दिवस बंद कर."

"मी सांगितलं, पण तुला कळाया नको?"

"तुम्ही दोघं भांडू नका," सर म्हणाले. "मला माझा रविवार द्या, मंग सावकाश भांडा."

रविवार तर मी तिथल्या तिथे दिला. पण नियम बदलायलाच हवा होता, नाहीतर उद्या दुसरं कुणी असंच अडलं असतं आणि ते सरांसारखं हसत आलं असतं याची काही खात्री नव्हती. दादांनी सुचवलं, पानावर एक यादी ठेव, कोण कुठल्या समाजाचे ते विचार, म्हणजे ज्याला त्याला बराबर दिवस दिसतील.

"दादा, कार्यालय हवं म्हणून आलेल्या माणसाला पहिलं हे विचारायचं?"

सर चहा पीत होते. ते बशीत पाहत राहिले. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कानाची पाळी चोळली. आणि स्वतःच म्हणाले, "न्हाई, ते बिलकुल नको. आपल्या दारात आजवर कोणाला इचारलं न्हाई. मुहूर्त पायजे का न्हाई, एवढंच इचार. माणूस सांगंल."

तसं केलं. तारखांच्या वर एक प्रश्न आला: मुहूर्त हवा, की नको? 'हवा' म्हटलं तर मुहूर्त नसलेले दिवस करडे, 'नको' म्हटलं तर सगळे मोकळे. सर दुसऱ्यांदा चहा घेऊन गेले.

पुढे जे झालं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्या जातीतले, नात्यातले, ज्यांच्या घरी पंचांगाशिवाय पान हलत नाही असं दादा छातीठोकपणे सांगत, ती माणसं 'नको' निवडायला लागली. दादांना वाटलं, लोक चुकीचं बटण दाबतात. ते एकेकाला फोन करत सुटले. अंतरवाली सराटीच्या एका दूरच्या मेहुण्यांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"पाव्हणे, ते 'नको' चुकून दाबलं का?"

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. "चुकून न्हाई, दाजी. कापूस वेचून झाला पायजे, पोराच्या कंपनीला सुट्टी पायजे. मुहूर्ताच्या दिवशी तुमचं कार्यालय गच्च, मंडपवाला भाव खाणार. रविवारचं उरकून टाकू."

दादांनी फोन ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "सगळ्यांनीच सोडला वाटतं. आपल्यालाच कोणी सांगितलं न्हाई."

बातमी गुरुजींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले ते तणतणतच. "मी दिवस काढून दिले, आणि तुम्ही 'नको' म्हणून बटण ठेवलं? असं कोणी विचारतं का? विचारलं की माणूस नकोच म्हणणार!"

सासूबाईंनी त्यांना सरबत दिलं. ते पिऊन गुरुजी जरा निवले आणि मग स्क्रीनकडे निरखून पाहत मला म्हणाले, "ताई, तिसरं बटण ठेवता येतं का?"

"कसलं?"

"काढीव."

अडचण असेल तेव्हा सोयीच्या दिवशी वेळ काढून देतात, तो काढीव मुहूर्त. मला तो शब्द माहीत होता. दादांनाही होता, पण ते एकदम सरसावून बसले.

"म्हणजे कुठल्याबी दिवशी निघतो?"

"बहुतेक."

"मंग तुम्ही दिलेल्या दिवसांत हे दिवस काऊन नव्हते?"

"तुम्ही शुद्ध मागितले," गुरुजी शांतपणे म्हणाले. "काढीव मागितले असते तर काढीव दिले असते."

मी तिसरा पर्याय घातला. 'काढीव' निवडलं की सगळे दिवस मोकळे, आणि खाली गुरुजींचा फोन नंबर आपोआप उघडायचा. नियम म्हणून तो मला फार नीटस जमला होता, आणि मोसमभर सगळ्यांत जास्त तोच वापरला गेला. गुरुजी अधूनमधून येऊन आपला नंबर जरा ठळक करता येईल का ते विचारून जात. एकदा फोटो घेऊन आले. फोटो मी ठेवला नाही.

त्याच मोसमात, हिवाळ्यात, माझ्या नणंदेचं ठरलं. ती पुण्यात नोकरीला, मुलगाही तिथलाच, तिच्या पसंतीचा आणि दादांनाही आवडलेला. फक्त तारीख ठरेना. दादांना शुद्ध मुहूर्तच हवा होता. काढीव लोकांसाठी ठीक, आपल्या पोरीला नको. आणि शुद्ध मुहूर्ताचे आमच्या कार्यालयातले सगळे दिवस लोकांनी आमच्याच पानावरून घेऊन टाकलेले. दादा खुर्ची ओढून बसले.

"हे एवढे पाव्हणे दुसऱ्या दिवशी सरकव."

"नाही सरकत, दादा. एका दिवशी एक लग्न."

"नियम कोणी लिहिला?"

"मी. सांगितला तुम्ही."

"मंग मीच सांगतो, काढ."

आतून सासूबाई आल्या. एरवी त्या या कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नसत. "खबरदार," त्या म्हणाल्या. "त्याह्यनी पत्रिका छापल्या असतील. कोणाच्या लेकीचा दिवस घेऊन माझ्या लेकीचं लग्न लावू नका."

दादा उठून बाहेर गेले. पुढचे बरेच दिवस घरात तारखेचा विषय निघाला की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं.

एका सकाळी मी नवी बुकिंगं पाहत होते. एक रविवार गेला होता. मुलीच्या वडिलांच्या नावापाशी माझे डोळे थांबले.

"दादा, रविवारचं बुकिंग आलंय."

"कोणाचं?"

"तुमचं."

नणंदेनं आणि होणाऱ्या जावयानं पुण्यात बसून भरलं होतं. दादांनी ते दोनदा वाचलं. मग फोन लावला, आणि मी तोंडावर पदर धरून बसले.

"पोरी, बापाला न इचारता?"

"दादा, तुमच्याच पानावर विचारलं ना. तारीख मोकळी होती, मिळाली."

"मुहूर्त 'नको' दाबलं तुम्ही?"

"हो."

दादांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. शेवटी म्हणाले, "काढीव तरी दाबायचं, बाई." तिकडून ती हसली, आणि इकडे दादाही हसले. मग मला हाक मारून म्हणाले, "कर दुरुस्ती." मी त्यांच्या देखत 'नको' बदलून 'काढीव' केलं. खाली गुरुजींचा नंबर उघडला. तो दादांना पाठ होता, तरी त्यांनी तो बघूनच लावला.

लग्नाच्या दिवशी दादा नव्या रेशमी सदऱ्यात फाटकाशी उभे होते. मुलीचे वडील म्हणून पाव्हण्यांना नमस्कार करत, आणि मालक म्हणून बुटांच्या ढिगावर खेकसत. अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या, आणि कन्यादानाला बसायची वेळ झाली तेव्हा दादा कुठे दिसेनात. गुरुजींनी माईकवरून पुकारलं. सासूबाई एकट्याच पाटावर बसलेल्या, त्यांचा चेहरा रागानं लाल. माझा नवरा धावत गच्चीवर गेला. मागच्या नळाला पाणी येत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि दादा टाकीत कोपरापर्यंत हात घालून अडकलेला फ्लोट सोडवत होते.

ते आले तेव्हा बाह्या निथळत होत्या. सर पुढच्याच रांगेत होते, त्यांनी आपला रुमाल पुढे केला. पण पुसायलाही वेळ नव्हता. दादा तसेच पाटावर बसले आणि गुरुजींना दबक्या आवाजात म्हणाले, "हात ओले हायेत."

"असू द्या," गुरुजी म्हणाले. "पाणीच सोडायचं आहे."

सासूबाईंना हसू फुटलं. मग दादांनी ओले हात लेकीच्या हातांवर धरले, आणि त्या तशाच हसता हसता रडू लागल्या.