बिस्किटांचे साहेब

बेकरी दादाची, पण तिथे शेवटचा शब्द चालायचा त्याच्या धाकट्या भावाचा. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्किट आधी याच्या तोंडात जायचं. डोळे मिटून, सावकाश चावून हा निकाल द्यायचा, "चालेल" नाहीतर "परत." परत म्हटलं की कारागीर कपाळाला हात लावून नव्याने पीठ मळायला घेत. म्हणून सगळे त्याला साहेब म्हणत. आपणही अहो-जाहोच करू, उगाच कशाला नाराजी ओढवून घ्या!

साहेबांना जन्मापासून डाउन सिंड्रोम, म्हणजे पेशींमध्ये एक गुणसूत्र जादा. त्याचा त्यांना तोराच होता. "तुझ्यापेक्षा एक जास्त आहे माझ्याकडे," असं ते दादाला ऐकवत.

मग साहेबांचं पोट बिघडलं, ते सुकत चालले. दादाकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, टोस्ट. साहेब खंगले की टोस्ट वाढत, आणि टोस्ट वाढले की साहेब आणखी खंगत. शेवटी वहिनीने दोघांनाही धरून दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना गहू चालत नाही. गहू पोटात गेला की शरीराची रोगाशी लढणारी ताकद स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हे जादा गुणसूत्र असलेल्या सगळ्यांनाच असं होत नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त. पिठाच्या धुरळ्यातही बसू नका."

"मग टोस्ट?" दादाने विचारलं.

"त्यानेच तर वाट लागली!" वहिनी कडाडली. दादाचा चेहरा पार उतरला.

दुखण्याचं साहेबांना काही वाटलं नाही. त्यांची काळजी वेगळीच. "माझी नोकरी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब भट्टीपासून लांब, बाहेर गल्ल्यावर. तोंड फुगवून बसलेले. दादाने स्वतःच ट्रेमधलं बिस्किट चाखलं आणि मधल्या काचेपलीकडून ओरडला, "चालेल!"

"परत," साहेब म्हणाले.

"अरे, तू चाखलं कुठे?"

"तुझं तोंड बघितलं ना."

दादाने आणखी एक खाल्लं. सोडा खरंच जास्त झाला होता.

तेव्हापासून दादा काचेशी उभा राहून खातो आणि साहेब त्याच्या तोंडाकडे बघून निकाल देतात. साहेबांच्या अंगावर पुन्हा मांस चढलंय. दादाचं मात्र पोट सुटलंय, आणि वहिनी म्हणते, एखादं तरी कमी खा.

"त्याने खाल्लं नाही तर माझी नोकरी जाईल," साहेब म्हणतात.

दादा मुकाट्याने पुढचं बिस्किट उचलतो.